पत्र्याची जाडी आणि पाण्याची वाट

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात, आणि त्यातही बदलापूर पूर्वेच्या शिरगावसारख्या झपाट्याने भरत गेलेल्या भागात, सपाट किंवा जेमतेम उताराची शेड उभारायची झाली म्हणजे मालक, फॅब्रिकेटर आणि पत्रा विकणारा दुकानदार यांचे एका गोष्टीवर सहज एकमत होते: छप्पर गळणार की टिकणार हे पत्र्यावर ठरते, आणि पत्रा पुरेसा जाड, रंगीत व नावाजलेल्या कंपनीचा घेतला की उताराची चिंता करण्याचे कारण उरत नाही. या मताला व्यवहाराचा आधार आहे, थोडा अनुभवाचाही आहे, त्यामुळे त्याचा प्रतिवाद करताना ते अडाण्यांचे मत म्हणून झटकून टाकता येणार नाही. तरीही ते चुकीचे आहे, कारण त्यात प्रश्नांचा क्रमच उलटा लागला आहे. कमी उताराच्या छपरात आधी उतार ठरतो, उतारावरून सांध्याचा प्रकार ठरतो आणि सांध्यावरून साहित्य ठरते. साहित्य आधी पसंत करून उतार त्याच्यामागे फरफटत नेला, तर उत्तम साहित्यही गळते.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यातील खरा भाग आधी मान्य करायला हवा. शेडच्या पत्र्याची जाडी सहसा ०.३५ ते ०.५० मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि या अरुंद पट्ट्यातला फरकही पायाखाली लगेच जाणवतो. पातळ पत्रा चालताना दबतो, त्याच्या लाटा चेपतात आणि चेपलेल्या जागी पाणी साचते. त्याहून महत्त्वाचा असतो तो पोलादावरचा मुलामा, म्हणजे पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंना चढवलेला जस्ताचा किंवा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचा थर. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूला तो थर जेमतेम ८ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ भरतो. २७५ ग्रॅम असेल तर सुमारे १९ मायक्रॉनचा. बाजारात मात्र बोलणे होते ते जाडीचे, मुलाम्याच्या वजनाचे क्वचितच, आणि जाडीचा सांगितलेला आकडा कधी निव्वळ पोलादाचा तर कधी जस्त व रंग धरून एकूण जाडीचा असतो. म्हणजे पत्र्याच्या दर्जालाच सर्वस्व मानणारा ग्राहकसुद्धा त्या दर्जाचा अर्धाच हिशेब विचारतो. परंतु हा हिशेब पुरता विचारला, तरी त्यातून मिळते ते पत्रा किती वर्षांनी गंजेल याचे उत्तर. पाणी दोन पत्र्यांच्या मधून आत येईल की नाही, याबद्दल मुलाम्याचे वजन काहीही सांगत नाही.

पावसापासून आडोसा देणारी छपरे दोन निराळ्या तत्त्वांवर चालतात, आणि सगळा गोंधळ हा भेद न ओळखल्याने होतो. एका प्रकारात पाणी वाहून टाकले जाते: पेंढा, कौल किंवा नागमोडी पत्रा यांचे तुकडे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यांच्यामधले सांधे उघडेच असतात, पण पाणी तिथे रेंगाळत नाही म्हणून आत शिरत नाही. दुसऱ्या प्रकारात पाणी अडवले जाते: गच्चीवरचा कोबा, डांबरी पडदा किंवा प्लास्टिकचा जोडून घेतलेला पडदा हा अखंड थर असतो, आणि त्यावर पाणी काही काळ उभे राहिले तरी चालावे अशीच त्याची रचना असते. कोकणातल्या जुन्या घरांची पाखे, म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरणारी छपराची अंगे, उभट असत ती दिसायला बरी वाटावीत म्हणून नव्हे. कौल हे वाहून टाकणाऱ्या जातीचे साहित्य आहे आणि त्याला उतार लागतो, म्हणून. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून जी खाचेत बसणारी कौले बनवायला सुरुवात केली, त्यांनी नळीच्या कौलांपेक्षा सांधा घट्ट केला आणि दरवर्षीच्या शाकारणीचा, म्हणजे पावसाआधी कौले परतून घेण्याचा, त्रास कमी केला. उताराची गरज त्यांनीही संपवली नाही. लंडनच्या गोदीसाठी हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये ज्याचे एकस्व घेतले तो नागमोडी लोखंडी पत्रा याच कुळातला आहे. पत्रा लांब झाला, सांधे कमी झाले, उतार थोडा कमी करता आला, इतकेच. आजचा रंगीत पत्रासुद्धा कौलाचाच वंशज आहे आणि त्याला अखंड पडद्याचे काम सांगणे म्हणजे चाळणीला ती जाड पोलादाची आहे म्हणून घागर समजणे होय.

हे केवळ वर्गीकरण नाही, ते मोजून दाखवता येते. उताराच्या दिशेने एका पत्र्यावर दुसरा पत्रा साधारण १५० मिलिमीटर चढवला जातो. शेडचा उतार २ अंश असेल, तर या जोडाच्या खालच्या व वरच्या टोकांच्या उंचीत फरक पडतो अवघा ५ मिलिमीटर. ६ अंशांना तो १६ मिलिमीटरच्या जवळ जातो, आणि कौलारू घराच्या ३० अंशांना ७५ मिलिमीटर होतो. आता समोरून येणारा वारा धरावा. ताशी ७२ किलोमीटरच्या झोताचा दाब सुमारे २४ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो सगळाच्या सगळा सांध्यावर पडतो असे नाही, पण ५ मिलिमीटरचा चढ ओलांडायला त्याचा चौथा हिस्साही पुरतो. शिवाय केशाकर्षण आहे, म्हणजे अरुंद फटीत पाणी आपोआप चढण्याचा गुणधर्म: ओल्या होणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर पाणी तीन सेंटिमीटरच्या आसपास चढू शकते, रंगवलेल्या पत्र्यावर त्याहून कमी. पत्रा ०.३५ चा असो की ०.५० चा, या हिशेबात त्याची जाडी कुठेच येत नाही. किंबहुना दोन्ही पत्रे जितके सरळ आणि एकमेकांना चिकटून बसतील तितकी फट अरुंद होते आणि पाणी जास्त चढते. म्हणूनच चांगल्या पत्र्यांच्या कडेला पाण्याची चढण तोडणारी एक खास खाच दिलेली असते, जी बसवणाऱ्याने पत्रा उलट्या बाजूने चढवला की निरुपयोगी ठरते.

दुसरा हिशेब झोळाचा आहे. पत्रा ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतो त्यांना पर्लिन म्हणतात, आणि दोन पर्लिनमधले अंतर दीड मीटर असेल व मध्ये पत्रा केवळ १० मिलिमीटर खाली वाकला असेल, तर खालच्या पर्लिनजवळ पत्र्याचा स्थानिक उतार दीड अंशाने घटतो. शेडचा मूळ उतारच १ अंश असेल तर तिथे उतार उलटा होतो, पाणी वळचणीकडे जाण्याऐवजी मध्येच थांबते, आणि त्या डबक्यात धूळ, पाने व शेवाळ साठून मुलामा नेमका तिथे आधी खाल्ला जातो. मूळ उतार ६ अंश असेल तर साडेचार उरतो आणि पाणी चालू लागते. जाड पत्रा कमी झोळतो हे खरे. जाडीच्या बाजूने केला जाणारा हा एकच युक्तिवाद सकस आहे. परंतु तोच परिणाम पर्लिन जवळ घेऊनही मिळतो, आणि पर्लिन स्वतःच वाकली असेल किंवा वेल्डिंग करताना वर-खाली बसली असेल, तर जाड पत्रा तिचे दोष तसेच्या तसे दाखवतो.

यावर फॅब्रिकेटरचे ठरलेले उत्तर असे असते की सांध्यात सीलंट भरले, स्क्रूला रबरी वायसर घातले, की प्रश्न मिटतो. सीलंटची पट्टी कमी उताराच्या सांध्यात घालावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्यावर सगळे सोपवण्याबद्दल. पोलाद एक अंश तापले की एक मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. बदलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो, त्यामुळे पहाट आणि दुपार यांत ४० अंशांचा फरक धरणे अतिशयोक्तीचे नाही. त्या हिशेबाने १० मीटरचा पत्रा रोज जवळपास ५ मिलिमीटर लांब होतो आणि पुन्हा आखडतो. ही हालचाल स्क्रूच्या भोकांना हळूहळू लांबट करते, वायसर घासते, सीलंट ताणते. उजेडासाठी मध्ये घातलेली पॉलिकार्बोनेटची पट्टी तर पोलादाच्या पाचपटीहून अधिक प्रसरण पावते, आणि तिला स्क्रूच्या व्यासाइतकेच भोक पाडणारा कारागीर पहिल्याच उन्हाळ्यात तडा पेरून ठेवतो. सीलंट हा उताराला मदतनीस म्हणून ठीक आहे. उताराच्या जागी तो आला म्हणजे छपराचे आयुष्य पोलादाच्या वर्षांत मोजण्याऐवजी रबराच्या वर्षांत मोजावे लागते.

मग उतार का दिला जात नाही? येथे प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा आधार पुढे येतो, तो खर्चाचा. उतार वाढवला की शेड उंच होते, लोखंड वाढते, पत्रा वाढतो, असे सांगितले जाते आणि ग्राहक मान डोलावतो. प्रत्यक्षात ९ मीटर रुंदीची, एकाच बाजूला उतरणारी शेड घेतली, तर २ अंशांच्या उताराला दोन बाजूंच्या उंचीत सुमारे ३१ सेंटिमीटर फरक पडतो आणि ६ अंशांना सुमारे ९५ सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूचे खांब दोन फुटांहून थोडे जास्त वाढतात. तीच शेड मध्ये आढे घेऊन दोन पाखी केली, तर ६ अंशांसाठी मधली उंची केवळ ४७ सेंटिमीटर लागते. आणि पत्रा? उतार २ वरून ६ अंशांवर नेल्याने छपराचे क्षेत्रफळ वाढते सुमारे अर्धा टक्का. उताराला विरोध करणाऱ्या कोटेशनमध्ये हा अर्धा टक्का कधी लिहिलेला नसतो, ०.३५ ऐवजी ०.५० जाडीचा पत्रा घ्या हे मात्र लिहिलेले असते, आणि त्याने पोलादाचे वजन ४० टक्क्यांहून अधिक वाढते. जिथे शेजारची भिंत, विजेची तार किंवा नगरपालिकेने मंजूर केलेली उंची आड येते, तिथे गोष्ट वेगळी. पण तिथेही अडचण उंचीची आहे असे म्हणावे, ती जाडीने सोडवल्याचा आव आणू नये.

कमी उताराच्या बाजूने आणखी एक समज प्रचलित आहे, तो वाऱ्याचा: बसके छप्पर वाऱ्याला कमी सापडते. समोरून ढकलणाऱ्या वाऱ्यापुरते हे बरोबर आहे, पण छप्पर उडते ते ढकलल्याने नव्हे, ओढल्याने. सपाट आणि अल्प उताराच्या छपरावरून वारा जातो तेव्हा बहुतेक सगळ्या पृष्ठभागावर वर ओढणारा ताण निर्माण होतो, कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त. वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानकात, आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरला आहे; इतर गुणक न लावता त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन असते चौरस मीटरला चार-पाच किलो. जाड पत्र्याने त्यात एखाद्या किलोची भर पडते. तेव्हा पत्रा जागेवर राहतो तो वजनाने नव्हे. कडेचे स्क्रू, पर्लिनचे वेल्डिंग आणि खांबाचा पाया यांच्यामुळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड जिल्ह्यात पत्र्यांची अक्षरशः उधळण झाली, आणि बदलापूर रायगडच्या हद्दीपासून फार दूर नाही. गच्चीवरच्या शेडला तर तीन-चार मजल्यांची उंची आयतीच मिळालेली असते, आणि तिचे खांब पुष्कळदा गच्चीच्या कठड्यावर चार बोल्टांनी उभे केलेले असतात.

गच्चीवरील शेडचा विषय निघाला म्हणून तिचीही बाजू घेणे न्याय्य ठरेल. गळणाऱ्या गच्चीवर पत्र्याची शेड घालणे हा रोग झाकण्याचा उपाय आहे असे म्हणणारे वास्तुतज्ज्ञ अर्धेच खरे बोलतात. शेडमुळे स्लॅबवर पाणी पडत नाही, ऊनही पडत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दोन्ही ऋतूंत खरा दिलासा मिळतो. सोसायटीच्या सभासदांना हे कोणत्याही पुस्तकाहून चांगले माहीत असते. आक्षेप एवढाच की वरचा पत्राही गच्चीइतकाच सपाट ठेवला, तर गळतीची जागा बदलते, गळती संपत नाही, आणि आता ती दुरुस्त करायला माणसाला निसरड्या पत्र्यावर चढावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला स्लॅबवादी उभे आहेत. पत्रा तात्पुरता आणि स्लॅब कायमचा, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की दहा बाय वीसच्या गाळ्यालाही परवडले तर सिमेंटचा स्लॅब टाकला जातो. वास्तविक स्लॅब हे सर्वांत कमी उताराचे छप्पर होय. त्याच्या कोब्याला ढाळ दिला जातो साधारण शंभराला एक, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास. काँक्रीट स्वतः पाणी अडवत नाही, अडवतो तो वरचा थर: विटांचे तुकडे चुन्या-सिमेंटच्या मसाल्यात बसवून ढाळाने घोटलेला ब्रिकबॅट कोबा, किंवा आगीच्या ज्योतीने चिकटवलेला तीन-चार मिलिमीटरचा सुधारित डांबराचा पडदा. तो थर फाटला किंवा कोबा तडकला की पाणी सळ्यांपर्यंत पोहोचते, गंज चढलेली सळई फुगते आणि खालचा सिमेंटचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. त्या दुर्घटनांचे खापर एकट्या पावसाच्या पाण्यावर फोडणे बरोबर होणार नाही, बांधकामाचा दर्जा हा तिथला मोठा प्रश्न होता. पण स्लॅब म्हटला की काळजी मिटली, ही भाषा त्यानंतर तरी बोलली जाऊ नये. शेडचा पत्रा खराब झाला तर उलगडून बदलता येतो. स्लॅब डोक्यावरच खराब होतो.

सिमेंटच्या पत्र्याचे समर्थकही अद्याप आहेत, आणि त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत: तो गंजत नाही, पावसात ताशासारखा वाजत नाही, उन्हात लोखंडी पत्र्यापेक्षा सौम्य राहतो आणि स्वस्त पडतो. तरी अल्प उताराच्या शेडसाठी तो सर्वांत अयोग्य, कारण तो कमी लांबीचा येतो, म्हणून सांधे वाढतात. ठिसूळ असतो, म्हणून दुरुस्तीला चढलेला माणूस आरपार कोसळण्याचा धोका असतो. आणि जड असल्याने खालचे लोखंड वाढवतो. त्यातच ॲस्बेस्टॉसचा प्रश्न आहे. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग घडवतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. भारतात खाणींतून त्याचे उत्पादन थांबले असले तरी आयात केलेल्या तंतूंवर पत्र्यांचे कारखाने चालत आले आहेत. जुना पत्रा छपरावर स्वस्थ बसला असेल तोवर त्याचा उपद्रव कमी असतो. त्याला ग्राइंडरने कापणे, भोके पाडणे, हातोड्याने फोडून भरावात टाकणे या क्रियांत तो घातक होतो, आणि शेड बदलताना नेमके हेच केले जाते.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण तिथे प्रतिपक्ष आणि प्रस्तुत लेख यांच्यात फारसे अंतर नाही. गडद निळा किंवा विटकरी पत्रा या हवामानात हौस म्हणूनच घ्यावा. पांढरा किंवा फिकट पत्रा ऊन परतवतो. जिथे माणसे दिवसभर काम करतात तिथे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल वाढीव किमतीला पात्र ठरते, मात्र त्या फोमचा आगीतला स्वभाव विक्रेत्याला विचारून घ्यावा. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरून थेंब पडू लागतात, आणि ही गळती समजून पुष्कळांनी वरून डांबर फासलेले असते.

तर मग शिरगावातल्या लहान शेडने काय घ्यावे? उतार ५-६ अंश किंवा अधिक देता येत असेल, तर आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध लांबीचा, मध्ये जोड नसलेला, चांगल्या मुलाम्याचा फिकट रंगाचा मध्यम जाडीचा पत्रा, बाजूच्या जोडात सीलंटची पट्टी घालून. त्याहून जास्त काही लागत नाही. उतार ३ अंशांच्या खाली अडकला असेल, तर स्क्रूने ठोकलेला पत्रा हा पर्यायच बाद समजावा आणि कडा उभ्या दुमडून बंद करणारी, छपरावर एकही उघडे भोक नसलेली पद्धत किंवा अखंड पडदा यांतून निवड करावी, जी लहान कामाला महाग पडते. ती महाग पडते हाच उतार देण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. मधल्या ३ ते ५ अंशांच्या पट्ट्यात वाद घालायला जागा आहे, आणि तिथे कारागिराचा हात साहित्याहून मोठा ठरतो: ग्राइंडरच्या ठिणग्यांचा चुरा पत्र्यावर पडून त्याच रात्री गंजू लागतो, ओले सिमेंट सांडले तर जस्त-ॲल्युमिनियमचा थर खाते, आणि एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारे पाणी जस्ताला सावकाश पोखरते.

एक गोष्ट मात्र कोणताही उतार आपोआप सोडवत नाही, आणि ती बहुतेक कोटेशनांत गाळलेली असते. ९ मीटर रुंद व २० मीटर लांब शेडवर तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला, तर त्या तासात १८ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर पाणी वळचणीला येते. सह्याद्रीच्या पायथ्याला मुसळधार सरी विरळ्या नाहीत. जुलैमध्ये उल्हास नदी जेव्हा चढते तेव्हा अशाच सरींची बेरीज तिच्यात उतरलेली असते. सव्वाचार इंची एकच पाइप आणि पानांनी भरलेली पन्हळ हे पाणी नेऊ शकत नाही. ते पन्हळीत उंचावते, पत्र्याच्या लाटांमधून उलटे आत शिरते, आणि मग पत्रा गळतो म्हणून पत्रा बदलला जातो. दोन्ही टोकांना एकेक मोठे उतरते पाइप, पन्हळीला पाण्याच्या दिशेने ढाळ, आणि पन्हळ भरलीच तर पाणी आत न येता बाहेर सांडावे म्हणून तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा दोन बोटे खाली, एवढे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे, आणि त्याच ओळीत उताराचा अंशही.